तीन बोटांचा मुटका

“पाय दाखवा बघया.”

खोली भाड्यानं मिळेल का, एवढंच मी विचारलं होतं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून सुपात कसल्याशा बिया पाखडणाऱ्या त्या बाईनं मान वर न करता हे उत्तर दिलं. मला वाटलं, पाय धुऊन पडवीत या असं म्हणतेय. मी तांब्या शोधू लागलो. “तसे नाय ओ. तळवे. उलटे करून दाखवा.” मी घाटावरचा, कऱ्हाडकडचा, नुकताच बी.एस्सी. होऊन मालवणच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला आलेला. होल्डॉल खाली टाकला, एका हातानं माड धरला आणि बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिलो. तिनं टाच अंगठ्यानं दाबली, भेगेत नख घालून पाहिलं आणि म्हणाली, “अनवाणी चल्लंस बरोच. ऱ्हव हयसर.” जात विचारली नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मासे चालतात का तेही नाही. तुमीचा तू व्हायला लोकांना वर्षं लागतात, माझं काम एका टाचेत झालं.

तारकर्लीच्या वाटेवर, माडांच्या आत तिचं घर होतं. सगळी वाडी पाठीमागे तिला टाचकाकी म्हणे, तोंडावर नुसतं काकी. नवरा गलबतावर तांडेल होता, तो कधीच वारला होता. एकुलती एक मुलगी गोव्यात, पेडण्याकडे दिलेली. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि आमचा जिल्हा रत्नागिरी होता, म्हणजे किती जुनी गोष्ट बघा.

काकी माणसाचा चेहरा बघायचीच नाही. वाटेनं कोण गेलं हे ती पायांवरून सांगे. “टाच एका बाजून झिजलली आसा, बायलेक घाबरता मेलो,” असं ती आमच्या पोस्टमनबद्दल म्हणाली होती आणि ते खरं होतं. एकदा ती कसल्या तरी तक्रारीसाठी शाळेत आली. हेडमास्तर कडक माणूस, कोट-टोपीत बसलेले, शुद्ध मराठीत “बोला, काय काम आहे?” म्हणाले. तक्रार बाजूला राहिली. पाच मिनिटांनी मी तिथून गेलो तर हेडमास्तरांचे बूट टेबलाखाली, मोजे खुर्चीवर, आणि काकी खाली बसून त्यांच्या टाचेला काहीतरी चोळतेय. साहेबांनी डोळे मिटलेले. मला बघून त्यांनी पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. काकी म्हणाली, “हलू नका. शाळा पळाक नाय तुमची.”

ती चोळायची ते मुठेल. कोकमाला तिकडे भिरांड म्हणतात. सालींची सोलं होतात, ती सगळ्यांना ठाऊक असतात. बियांचं काय होतं ते आमच्या घाटावर कुणाच्या गावी नसतं. बिया वाळवायच्या, व्हायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात, मुसळानं कुटायच्या, भल्या मोठ्या टोपात पाण्याबरोबर रटरटा उकळायच्या. वर तेल येतं. निवलं की ते लोण्यासारखं आणि आणखी निवलं की मेणासारखं घट्ट होतं. मऊ असतानाच मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. म्हणून मुठेल, आणि एक गोळा म्हणजे मुटका. त्यावर वळणाऱ्याच्या चार बोटांच्या चार खाचा उठतात.

काकीच्या कनवटीला कायम एक मुटका असे. अंगाच्या उबेनं तो मऊ राही, पण वितळत नसे. रापण ओढून हात फाटलेले कोळी तिच्याकडे येत, सुतार करवतीला लावायला मागून नेई, व्यायलेल्या गाईच्या सडांना तेच, पोराच्या ओठांना तेच, पोटात आव पडली तर पेजेत तेच. माझ्या खोलीचं दार करकरायचं. मी सांगायच्या आत एका सकाळी बिजागऱ्या गप्प झाल्या. “रात्री उठतंस त्या माका कळता,” एवढंच म्हणाली. मी खजील झालो.

मला आपलं ज्ञान पाजळायची हौस दांडगी. एकदा पेज जेवताना तिला समजावलं, की काकी, ह्यात निम्म्याच्या आसपास स्टिअरिक आम्ल असतं. विलायतेत त्याच्या मेणबत्त्या करतात, साबण करतात, बायका तोंडाला लावतात तो स्नो करतात. ह्या आम्लाची लांब साखळी असते, त्या साखळीला जेवढे म्हणून हात आहेत त्या प्रत्येकानं कुणाला ना कुणाला धरलेलं असतं. एकही हात मोकळा नाही. म्हणून हवेला आत शिरायला जागा मिळत नाही आणि तुमचं मुठेल वर्षानुवर्षं खवट होत नाही. त्याला आम्ही संपृक्त म्हणतो.

ती घास गिळून म्हणाली, “भरलल्या घरात वारो शिरना नाय. ह्या शिकाक कॉलेजात गेल्लंस?”

मी हसलो. काय करणार, तिनं माझं अर्धं पुस्तक एका ओळीत उरकलं होतं.

आता त्या घरच्या रीतीबद्दल सांगायला हवं. वाडीत दुसऱ्या कुणाकडे ही नव्हती. काकी म्हणे आपल्या आजीची, शेजारची वयनी म्हणे हिनंच काढलेली, देव जाणे. थंडीत तेल काढून झालं की टोपातलं शेवटचं तेल राखून ठेवायचं आणि घराशी ज्याचा संबंध आहे अशा प्रत्येकानं आपल्या हातानं एकेक मुटका वळायचा. ते सगळे माजघरातल्या फळीवर ओळीनं मांडायचे. माणूस गावाला गेला की त्याच्या मुटक्याला हात लावायचा नाही. तो परत आला की त्याचाच मुटका त्याच्याच पायांना, पण दुसऱ्या कुणीतरी चोळायचा. दिवाळीच्या सुट्टीहून मी परतलो की काकी परातीत कढत पाणी घेऊन उभीच असे. आईनं कधी माझे पाय धुतले असतील ते लहानपणी. एवढा थोरला बाप्या, पण मला त्या परातीची ओढ लागली होती. सुट्टीत घरी असलो तरी चार दिवस आधीच परतायचो, आणि घरी सांगायचो की शाळेत काम आहे.

“आणि माणूस परत यायच्या आधीच मुटका संपला तर?” मी एकदा विचारलं.

“मुटको सरलो तर वाट सरली,” ती म्हणाली. “मगे ता माणूस येवचा नाय.” मी अर्थातच तेव्हाही हसलो. हसणं फार स्वस्त होतं माझं त्या दिवसांत.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. साऱ्या गावाच्या टाचा गुळगुळीत करणाऱ्या ह्या बाईचे स्वतःचे पाय भयंकर होते. ती ते लुगड्याखाली ओढून बसे, पण विहिरीवर एकदा दिसले. वैशाखात शेत फाटतं तशा भेगा, काहींतून रक्त आलेलं. मी म्हटलं, “काकी, लावा की जरा स्वतःला.” ती म्हणाली, “माझो मुटको हय नाय.” मला वाटलं, म्हातारीची लहर. फळीवर तिचा मुटका खरंच कधी नसे.

मधूनमधून ती यष्टीनं बांद्याला जाई. तिथं तिची बहीण दिलेली. गोव्याची हद्द बंद झालेली, येणंजाणं थांबलेलं, पण बांद्याच्या बाजारात चोरवाटांनी आलेली माणसं असत, आणि त्यांच्याकडून लेकीची खबर मिळे. ती दोन दिवस राहून परत येई आणि लेकीबद्दल एकच वाक्य बोले, “बरा आसा चेडू.” पाच-सहा वर्षं तिनं लेकीला पाहिलं नव्हतं. ती ह्याबद्दल रडताना मी कधी बघितली नाही.

अशीच ती एकदा बांद्याला गेली असताना मी ते करून बसलो.

इन्स्पेक्टर येणार होते. हेडमास्तरांनी शास्त्राचं प्रदर्शन मांडायला सांगितलं. मी ठरवलं, गावातल्याच वस्तूतून स्टिअरिक आम्ल काढून दाखवायचं. नुसतं ताजं मुठेल घेऊन काय मजा? जुनंपुराणं घेतलं तर, बघा साहेब, इतकी वर्षं झाली तरी खवट नाही, असंही सांगता येईल. मी माजघरात गेलो. फळीच्या पार टोकाला, भिंतीला लागून एक पिवळा पडलेला, जुना मुटका होता. उचलून बघितला. त्याच्यावर तीनच खाचा होत्या. एका बोटाच्या जागी नुसता उंचवटा. मी शास्त्रीय अनुमान काढलं: हा वळताना बिघडलेला, कुणाचाही नसलेला मुटका. लेकीचा म्हणून मी मनात दुसराच एक लहान, नीटस मुटका धरून चाललो होतो. तो वयनीच्या मुलीचा निघाला. विचारायला हवं होतं. शास्त्राच्या मास्तरानं तर आधी विचारायला हवं होतं.

कॉस्टिक सोड्यात तो उकळला, त्याचा साबण झाला. त्यात आम्ल ओतलं, वर चरबट थर आला. तो धुतला, निववला, फडक्यात गुंडाळून दोन फळ्यांमध्ये दाबला, तेलकट भाग पिळून काढला. उरले ते पांढरेशुभ्र, कडक, चमकदार पापुद्रे. सूत घालून करंगळीएवढी एक मेणबत्ती ओतली. इन्स्पेक्टरसाहेब खूश. “ही तर उद्योगाची बीजं आहेत!” म्हणाले. मी दोन दिवस हवेत होतो.

काकी परतली. मी पडवीतच तिला ती मेणबत्ती दाखवली. म्हटलं, “ओळखा काकी, कशाची आहे.” ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग आली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा तिनं सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

“टोकाचो मुटको खंय गेलो?”

मी सांगितलं. आणि तिचा चेहरा बघून घाईघाईनं म्हणालो, “काही फुकट गेलं नाही काकी. त्यातलं तेल ते ह्याच्यातच आहे.”

“तेल आसा,” ती म्हणाली. “मूठ खंय आसा?”

मेणबत्ती माझ्या हातातून घेऊन तिनं ती फळीच्या टोकाला, त्या रिकाम्या जागेवर नेऊन ठेवली. ओरडली नाही. खोली सोड म्हणाली नाही. जेवताना वाढलं तेव्हा म्हणाली, “मास्तरानू, पेज घेवा तुमी.” तो तुमी मला जो लागला, तो अजून लागतोय.

दुसऱ्या दिवशी वयनीनं मला विहिरीमागे गाठलं. “मास्तर, काय केलात ह्या?” आणि तिनं सगळं सांगितलं. लेक पाच-सहा वर्षांची असताना काकी व्हायनात बिया कुटत होती. पोर मध्येमध्ये हातानं बिया सारत होती. रोजचंच ते, दोघींचा ताल बसलेला. एकदा चुकला. मुसळ काकीच्या हातातलं, बोट पोरीचं. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मुळापासून गेलं. “तवापासून तेल काढल्यार पयली मूठ तिचीच,” वयनी म्हणाली. “हद्द बंद होवच्या आधी शेवटची इली ती, तवाची ती मूठ.”

मी तिथंच कठड्यावर बसलो. साखळीचा एकही हात मोकळा नसतो, असं मी त्या बाईला पेज खाता खाता शिकवलं होतं. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबरात, गोवा सुटला. मालवणात पेढे वाटले, शाळेला सुट्टी. बांद्याहून माणसांची रीघ लागली. किती वर्षांनी लेकी माहेरी येत होत्या, वाडीत दोघीजणी आल्या. काकीची आली नाही. मी म्हटलं, “काकी, आता हद्द उघडी आहे, बांद्याला जा. नाहीतर सरळ पेडण्यालाच जा.” ती बिया पाखडत म्हणाली, “वाट सरली, मास्तरानू. थंय जावन काय करू?” जानेवारीत तेल काढलं, पण मुटके वळले नाहीत. सगळं तेल तिनं करवंट्यांत ओतून ठेवलं. माझी मूठ मागितली नाही.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी बी.एस्सी. झालेला माणूस, मुटका वितळला म्हणून माणूस यायचं थांबतं ह्यावर माझा विश्वास नव्हता. पण यष्टीचा आवाज आला की मी वर्ग सोडून खिडकीशी जायला लागलो. मुलं हसायची. हसू देत म्हटलं.

मे महिन्याची सुट्टी लागली तेव्हा मी कऱ्हाडला गेलोच नाही. घरी जातो असं सांगून बांद्याची गाडी धरली. काकीच्या बहिणीकडून पत्ता घेतला आणि विचारत विचारत पेडण्याकडच्या त्या गावी पोचलो. काजूच्या बागेत एक कौलारू घर होतं. एका बाईनं पाण्याचा तांब्या आणून पुढे केला. मी तोंडाकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. तांब्याला तीन बोटं आणि अंगठा होता.

कोण, कुठला हे सांगून मी सगळं ओकून टाकलं. मुटका, कॉस्टिक, मेणबत्ती, इन्स्पेक्टर. ती ऐकत राहिली. मग तिनं आईचं विचारलं, “आवशीन अजून घरात ठेवल्यान तुमका?”

“ठेवलंय. पण तुम्ही आला का नाहीत? पाच महिने झाले.”

ती उठून आत गेली आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. मुटका होता. चार रुंद, खोल खाचा, मोठ्या हाताच्या. “ही आवशीची मूठ,” ती म्हणाली. “निघताना माझी थंय ठेवलंय, तिची घेवन इलंय. म्हटला, आवशीचो मुटको माझ्याकडे अख्खो आसा, म्हणजे आवस येतली. हद्द उघडल्याबरोबर येतली. मी रोज वाटेर बघतंय.” आणि मग ती डोळ्याला पदर लावून रडायला लागली. एक आई तिकडे बसलीय, मूठ सरली म्हणून लेक येणार नाही असं धरून. लेक इकडे बसलीय, मूठ आहे म्हणून आई येणारच असं धरून. मध्ये आठ-दहा तासांची यष्टी. मला हसावं की त्या दोघींना धरून गदागदा हलवावं कळेना. “बांधा कपडे,” मी म्हटलं. इतक्या अधिकारानं मी वर्गातही कधी बोललो नव्हतो.

त्यानंतर आणखी दोन वर्षं मी त्या घरात होतो. मग बदली झाली. निघायच्या आधीच्या थंडीत वळलेला माझा मुटका फळीवर होता, आणि काकी म्हणाली होती, “तो मी कोणाक लावक देवचंय नाय.” मी परत गेलो नाही. संसार, पोरं, बढत्या, माणूस काय काय कारणं सांगतो. काकी गेल्याचंही मला खूप उशिरा कळलं. माझी वाट मीच सरवली, तिनं नाही. आता माझ्याही टाचा थंडीत फुटतात. सून ट्यूब आणून देते, त्यावरच्या बारीक अक्षरांत स्टिअरिक आम्लाचं नाव असतं. ते वाचतो आणि ट्यूब तशीच ठेवून देतो. आपल्या हातानं आपल्या पायाला लावण्यात काही अर्थ वाटत नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवसाचं. संध्याकाळ होत आली होती. काकी खळ्यात सूप घेऊन बसली होती, नेहमीसारखी मान खाली. आम्ही बेड्यातून, कुंपणाच्या फाटकातून, आत शिरलो. मी पुढे, लेक मागे. काकीनं आधी माझे पाय पाहिले, मग माझ्यामागचे. सूप हातातून सुटलं, बिया खळाभर झाल्या. उठली नाही. त्या पायांकडे बघतच राहिली.

“आवशी,” लेक म्हणाली, “तू येवक नाय म्हणान मी इलंय.”

लेकीनं गाठोडं खाली ठेवलं, आत जाऊन परात आणली, कढत पाणी आणलं. आपल्याच घरात असल्यासारखी, आणि होतंच ते तिचं घर. फडकं सोडून तिनं चार बोटांचा मुटका बाहेर काढला आणि आईसमोर मांडी घालून बसली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की माझो मुटको हय नाय असं ती का म्हणाली होती. साऱ्या गावाचे पाय चोळणारी बाई, सहा-सात वर्षं फाटके, रक्ताळलेले पाय घेऊन चालत होती, कारण तिची मूठ हद्दीपलीकडे होती आणि ती लावणारा हातही तिकडेच होता.

लेकीनं लुगड्याचा काठ वर करायला हात घातला तशी काकीनं पाय आखडले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मास्तर, तोंड तकडे कर रे मेल्या.”

मी पाठ फिरवून माडाकडे तोंड करून उभा राहिलो. परातीत पाणी हललं. जरा वेळानं मागून काकीचा आवाज आला, लहान पोरीसारखा.

“हळू गो. दुखता.”